आठ पेले पाणी

श्वास कसा घ्यावा हें जसें मनुष्यास कोणी शिकवीत नाहीं, तसें पाणी किती प्यावें हेंही पूर्वीं कोणी शिकवीत नसे. तहान लागली म्हणजे माणूस माठाकडे वळे, आणि ती भागली म्हणजे पेला पालथा घालून आपल्या कामास लागे. आतां तशी स्थिति राहिलेली नाहीं. आमच्या प्रताप नगरांत पहांटे फिरावयास निघणाऱ्या मंडळींत हातीं पाण्याची बाटली नाहीं असा गृहस्थ विरळा. आणि त्यांतील कोणासही विचारल्यास, दिवसांतून आठ पेले पाणी पोटांत गेलेंच पाहिजे, हें वाक्य तो श्रुतिवचनाच्या निश्चयानें म्हणून दाखवितो. हें वचन आलें कोठून, असा प्रश्न केला असतां मात्र उत्तरें दोन पडतात. कित्येक म्हणतात, हें आधुनिक शास्त्राचें सांगणें आहे. कित्येक म्हणतात, हें आमच्या पूर्वजांचेंच ज्ञान असून पाश्चात्त्यांनीं तें आतां कोठें ओळखलें. इतिहास पाहूं जातां हीं दोन्हीं उत्तरें अर्धवट ठरतात. आणि तो इतिहास प्रकृतीच्या पथ्यापुरता न राहतां पुष्कळच मोठ्या गोष्टींशीं जाऊन भिडतो, म्हणून त्याचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

ह्या आठ पेल्यांचा माग काढीत गेल्यास तो बहुधा सन १९४५ पर्यंत जाऊन पोंचतो. त्या वर्षीं अमेरिकेंतील अन्न व पोषण मंडळानें आहाराचीं प्रमाणें प्रसिद्ध केलीं, त्यांत प्रौढ मनुष्यास दिवसाकाठीं अडीच लिटर पाणी बहुतेक प्रसंगीं पुरेसें होतें, अन्नाच्या दर कॅलरीमागें एक मिलिलिटर असें साधारण मान धरावें, अशा आशयाची शिफारस होती. परंतु तिच्या पाठोपाठच दुसरें एक विधान होतें, तें असें कीं, ह्या पाण्याचा बराचसा भाग शिजविलेल्या अन्नांतच असतो. पहिलें विधान जगभर फिरलें. दुसरें कागदावरच राहिलें. अर्धें वाक्य घेऊन पळण्याची ही खोड मनुष्यजातीस नवी नाहीं. परीक्षेंतील उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांस तर ती चांगलीच परिचयाची आहे. पुढें सन २००२ मध्यें अमेरिकेंतीलच हाइन्झ व्हाल्टिन नांवाच्या, मूत्रपिंडाच्या शास्त्रांत आयुष्य घालविलेल्या प्राध्यापकानें ह्या आठ पेल्यांस कांहीं प्रयोगसिद्ध आधार सांपडतो काय, याचा कसून शोध घेतला. समशीतोष्ण हवेंत बैठें काम करणाऱ्या निरोगी माणसानें एवढें पाणी प्यालेंच पाहिजे असें दाखविणारा पुरावा त्यास आढळला नाहीं.

याचा अर्थ शरीरास पाणी कमी लागतें असा मात्र नव्हे. अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं सन २००४ मध्यें पुरुषास ३.७ व स्त्रीस २.७ लिटर, आणि युरोपांतील तज्ज्ञांनीं सन २०१० मध्यें अनुक्रमें २.५ व २ लिटर असें दिवसाचें मान ठरविलें. परंतु हे आंकडे एकंदर पाण्याचे आहेत. चहा, ताक, दूध हीं त्यांत आलींच, आणि अन्नांतून मिळणारें पाणीही आलें. साधारणतः पंचमांश पाणी अन्नांतूनच मिळतें असें धरण्यांत येतें. आणि भात, वरण, पातळ भाजी व वर ताक असें जेवणाऱ्या आपल्या लोकांच्या बाबतींत हा अंश याहून कमी असेल असें आम्हांस वाटत नाहीं. मेंदूच्या तळाशीं असलेलें एक लहानसें केंद्र रक्ताच्या घट्टपणावर अहोरात्र नजर ठेवून असतें. हा घट्टपणा शेंकडा एक-दोन वाढला कीं मूत्रपिंडांस पाणी राखून ठेवण्याची आज्ञा जाते, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं कीं तहान लागते. निसर्गाची ही योजना इतकी चोख असतां तिच्यावर अविश्वास दाखवून घड्याळाच्या ठोक्याला पेला रिता करणें आम्हांस तरी हास्यास्पद वाटतें. शिवाय अतिरेकाचें फळ येथेंही मिळतेंच. सन २००२ च्या बॉस्टन शहरींच्या मॅरेथॉन शर्यतींत ४८८ धावपटूंचें रक्त तपासण्यांत आलें, तेव्हां शेंकडा १३ जणांच्या रक्तांतील क्षाराचें प्रमाण घातक दिशेनें उतरलेलें आढळलें. कारण वाटेंत त्यांनीं गरजेहून फाजील पाणी प्यालें होतें.

आतां पूर्वजांकडे वळूं. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत पाण्याचा विचार विस्तारानें केलेला आहे. पावसाचें, नदीचें, विहिरीचें, तळ्याचें पाणी वेगवेगळें. तापविलेल्याचे गुण वेगळे, थंडाचे वेगळे. किती प्यावें याविषयीं मात्र वाग्भटाचा कल आजच्या उपदेशाच्या उलट आहे. शरद् व ग्रीष्म हे दोन ऋतु सोडले तर निरोगी मनुष्यानेंही पाणी बेतानेंच प्यावें, असें तो सांगतो. जेवणाच्या आरंभीं पाणी पिणारा कृश होतो, अखेरीस पिणारा स्थूल होतो, आणि मध्यें पिणारा समतोल राहतो, असाही त्याचा सिद्धांत आहे. त्याची सत्यासत्यता आम्हीं वैद्यांवर सोंपवितों. याच्या उलट सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या भावप्रकाशांत सूर्योदयाच्या वेळीं आठ प्रसृति पाणी पिण्याचा, म्हणजे ज्यास आपण उषःपान म्हणतों त्याचा, मोठा महिमा गायिला असून, असें करणारा रोग व जरा यांपासून मुक्त होऊन शंभरांहून अधिक वर्षें जगतो असें फल सांगितलें आहे. आठ हा आंकडा पाहून कोणी हर्षभरित होईल म्हणून सांगावेंसें वाटतें कीं, प्रसृति म्हणजे एका हाताची पसरट ओंजळ. वैद्यकाच्या मापानें अशा आठ ओंजळी फार तर पाऊण लिटर भरतात. तेव्हां एकाच परंपरेंत 'बेतानें प्या' म्हणणाराही आहे व 'उठतांच प्या' म्हणणाराही आहे. ज्यास जें सोयीचें वाटेल त्यानें तेवढेंच उचलून तें 'शास्त्र' म्हणून मिरवावें, ही रीति आम्हांस मान्य नाहीं.

परंतु वाग्भटाच्याच ग्रंथांत ह्या विषयावरची आमच्या मतें सर्वांत मोलाची गोष्ट दुसऱ्याच अध्यायांत दडलेली आहे. रोग उत्पन्नच होऊं नयेत म्हणून काय करावें, हें सांगतांना त्यानें तेरा वेग, म्हणजे शरीराच्या तेरा नैसर्गिक हांका, सांगितल्या असून त्या दाबून धरूं नयेत असें बजाविलें आहे. चरकाचेंही म्हणणें तेंच. ह्या तेरांत तहान आहे आणि लघवीही आहे. तहान मारल्यानें शोष, अंगाची शिथिलता, बहिरेपणा, भ्रम व हृदयाचा विकार होतो. लघवी दाबल्यानें अंगदुखी, ओटीपोटांतील वेदना व अश्मरी, म्हणजे मूतखडा, उद्भवतो, असें वाग्भट लिहितो. सर्व तपशील आजच्या कसोटीस उतरतीलच असें नाहीं. तथापि मूतखड्याची गोष्ट विचार करण्यासारखी आहे. सन १९९६ मध्यें इटलींतील संशोधकांनीं मूतखडा एकदां होऊन गेलेल्या १९९ रोग्यांचा पांच वर्षें मागोवा घेतला. ज्यांना लघवी दोन लिटरांवर होईल इतकें पाणी पिण्यास सांगितलें होतें त्यांपैकीं शेंकडा १२ जणांस खडा पुन्हां झाला. ज्यांना तसें सांगितलें नव्हतें त्यांपैकीं शेंकडा २७ जणांस झाला. त्याचप्रमाणें सन २०१८ मध्यें मूत्रमार्गाचा दाह वरचेवर होणाऱ्या १४० स्त्रियांवर झालेल्या प्रयोगांत, रोज दीड लिटर पाणी अधिक पिणाऱ्यांचीं वर्षभरांतील दुखणीं जवळजवळ अर्ध्यावर आलीं. पाण्याच्या गुणांविषयीं ज्या शेंकडों गोष्टी सांगितल्या जातात, त्यांत कांतीच्या तेजापासून बुद्धीच्या तल्लखपणापर्यंत पुष्कळ फोल आहे. पण ह्या दोन गोष्टी पक्क्या आहेत.

पाणी पिण्याचा उपदेश करणारा मनुष्य एक गोष्ट गृहीत धरतो, ती ही कीं, पाणी हाताशीं आहे. आमच्या नागपुराचाच इतिहास पाहिला तर हें गृहीत किती अलीकडचें आहे हें कळतें. अठराव्या शतकाच्या आरंभीं बख्त बुलंद शहाच्या वेळीं नगर वसलें. त्याच्या मागून आलेल्या चांद सुलतानानें जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, बांधविला. भोसल्यांच्या अमदानींत तलावांची संख्या वाढली. तेलंगखेडीचा तलाव त्यांचा, आणि आमच्या प्रताप नगरापासून फार दूर नसलेला सोनेगांवचा तलावही त्यांच्याच काळांतील म्हणून ओळखला जातो. अंबाझरीचा तलाव सन १८७० च्या सुमारास मोठा करून त्याचें पाणी नळांनीं नगरांत आणण्यांत आलें. तेवढ्यानें भागेना म्हणून सन १९१२ च्या सुमारास गोरेवाड्याचा तलाव झाला; पुढें १९४० नंतरच्या दशकांत कन्हान नदीचें पाणी आलें, आणि १९८० नंतर पेंचचें. सन २०१२ पासून सर्व नगरास चोवीस तास नळाचें पाणी देण्याची योजना हातीं घेण्यांत आली. ही यादी वाचावयास एक मिनिट लागतें. परंतु तिच्यांतील प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मधल्या काळांत डोक्यावर हंडा घेऊन विहिरीच्या वाटेनें गेलेल्या बायकांच्या किती पिढ्या आहेत, हें कोणत्याही गॅझेटियरांत सांपडावयाचें नाहीं. ज्या घरांत प्रत्येक घागर कोणीतरी ओढून आणलेली असते, त्या घरांतील सून आपला दुसरा पेला भरून घेण्यापूर्वीं विचार करते. वाग्भटाचा संयम पुस्तकांतून आला; तिचा संयम खांद्याच्या दुखण्यांतून आला.

आणि ज्यांस विहिरीच्या कांठावर उभें राहण्याचीही मनाई होती, त्यांची गोष्ट तर याहून वेगळी. महात्मा फुले यांनीं सन १८६८ मध्यें पुण्यास आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला, तेव्हां त्या कृत्याचें नवल वाटावें, इतकें तहानेवरही जातीचें राज्य होतें. रावबहादुर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याविषयींचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत सन १९२३ च्या आगस्टांत संमत झाला; महाडच्या नगरपालिकेनेंही तदनुसार आपलें चवदार तळें खुलें असल्याचें पुढच्या वर्षीं ठरविलें. परंतु ठराव हा कागद आहे. तळें हें पाणी आहे. ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि त्यांनीं ओंजळभर पाणी प्यालें. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याची 'शुद्धि' झाली, खटला उभा राहिला. आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागावयास सन १९३७ चा मार्च उजाडला. एका ओंजळीस दहा वर्षें! भावमिश्राच्या आठ ओंजळींचें माप आम्हीं वर सांगितलेंच आहे. ह्या एका ओंजळीचें माप कोणत्याही वैद्यकांत दिलेलें नाहीं. पुढें सन १९५६ मध्यें धर्मांतरासाठीं डॉ. आंबेडकरांनीं ज्या भूमीची निवड केली ती दीक्षाभूमि आमच्या ह्याच नगरांत आहे. तेथें दरसाल जमणाऱ्या लक्षावधि यात्रेकरूंस पाणी पाजण्यासाठीं ठिकठिकाणीं लोक स्वेच्छेनें उभे असतात, तें पाहतांना महाडची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

पाणी मिळालें तरी तें निर्मळ असावें लागतें. पटकीच्या सांथींनीं आपल्या यात्रा, बाजार आणि गांवें उजाड केलीं तीं पाण्याच्याच वाटेनें. रॉबर्ट कॉख यानें सन १८८४ मध्यें कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यांत ह्या रोगाचा जंतु दाखवून दिला, तेव्हां गंगाजळही उकळून घ्यावें लागतें ही गोष्ट आपल्या लोकांच्या गळीं उतरण्यास आणखी दोन पिढ्या लागल्या. गंमत अशी कीं, पाण्यानें येणाऱ्या ह्या रोगावरचा उताराही अखेर पाण्यांतच सांपडला. सन १९७१ मध्यें बांगला देशांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकी भडकली. शिरेंतून देण्याचें औषधी पाणी संपत आलें. त्या वेळीं डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यांत कालवून तें पिंपांतून रोग्यांच्या नातलगांच्या हातीं दिलें व पाजावयास सांगितलें. आंतड्यांत साखर आपल्याबरोबर मिठास ओढून घेते, आणि मिठामागोमाग पाणी जातें, एवढेंच त्यांतील शास्त्र. शेंकडा तीसच्या आसपास असलेलें मृत्यूचें प्रमाण चारांच्याही खालीं आलें. पेजेंत मिठाचा खडा टाकून आजाऱ्यास पाजणाऱ्या आमच्या आज्यांस हें ऐकून आश्चर्य वाटलें नसतें, असें आम्हांस वाटतें. मात्र प्रमाण बांधून देण्याचें श्रेय त्या शास्त्रज्ञांचें, तें आज्यांच्या पदरीं घालूं नये.

आतां नागपूरच्या उन्हाळ्याविषयीं. वाग्भटानें ग्रीष्माचा अपवाद केला तो जणूं ह्या नगरासाठींच केला. ता. २३ मे १९१३ नव्हे, आमच्या समोरची, ता. २३ मे २०१३ ची गोष्ट: त्या दिवशीं येथील उष्णता ४७.९ अंशांवर गेली. अशा उन्हांत गवंड्याच्या हाताखालीं विटा वाहणाऱ्या बाईच्या अंगांतून तासाला लिटरभरही घाम जाऊं शकतो. तिच्या बाबतींत आठ पेल्यांचें मान हास्यास्पद ठरतें तें उलट्या अर्थानें, म्हणजे फारच थोडें म्हणून. तिनें तहानेची वाट न पाहतां, दर थोड्या वेळानें, आणि ताक, पन्हें किंवा मीठ घातलेलें लिंबाचें पाणी मिळाल्यास तें प्यावें हेंच योग्य. म्हाताऱ्या माणसांचीही तहान मंदावलेली असते; त्यांच्या हातीं पेला आणून द्यावाच लागतो. उलट ज्यांचें हृदय किंवा मूत्रपिंड दुबळें आहे त्यांना वैद्य पाणी मोजून देतात, तेव्हां तेथें शेजाऱ्याच्या आग्रहास जागा नाहीं. सारांश, एकच आंकडा सर्वांच्या गळ्यांत बांधतां येत नाहीं.

इतकें सर्व वाचून-लिहून झाल्यावरही आम्हांस ह्या विषयाचें मर्म कळलें तें ग्रंथांतून नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं, उन्हाळ्यांतील परीक्षेच्या वेळीं, आम्ही पर्यवेक्षणावर असतांना एक विद्यार्थिनी बाकावरच कोसळली. तोंडावर पाणी मारून, पंख्याखालीं निजवून तिला शुद्धीवर आणलें. ती बाहेरगांवाहून एस. टी. नें सकाळीं सातांस निघालेली; वेळ दुपारच्या दोनाची. पिशवींत पाण्याची बाटली होती, आणि ती तोंडापर्यंत भरलेली होती. आम्हीं थोड्या रागानेंच विचारलें, "बाई, पाणी जवळ असून प्यायली कां नाहींस?" ती कांहीं बोलेना. शेवटीं आमच्या सहकारी बाईंनीं तिला जवळ घेतलें, तेव्हां तिनें त्यांना हळूच सांगितलें, "पाणी पिऊन निघालें तर मग जायचं कुठं, मॅडम? स्टँडवर जाववत नाहीं, आणि इथल्या मुलींच्या खोलीला कुलूप असतं."

कुलूप खरोखरच होतें. मुलींच्या त्या खोलीची किल्ली शिपायाजवळ असे, आणि शिपाई परीक्षेच्या दिवसांत प्रश्नपत्रिकांच्या कामांत. तेरांपैकीं दोन वेग ती मुलगी रोज सकाळपासून दाबून धरीत होती, आणि तिच्यासारख्या किती असतील याचा विचार इतक्या वर्षांत आमच्या मनाला शिवला नव्हता. पुरुष प्राध्यापकांच्या खोलीस कुलूप कधींच नव्हतें, म्हणून तें आमच्या दृष्टीस पडलें नाहीं, इतकेंच. आमच्या सहकारी बाईंनीं मग इतर मुलींस विचारलें. सकाळपासून घोटभरही पाणी न पिणाऱ्या मुली एका वर्गांत अर्ध्याहून अधिक निघाल्या. घरीं येऊन सांगितल्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं विशेष नवल केलें नाहीं. माहेरीं मामाच्या लग्नाला जातांना त्यांची आई त्यांना आदल्या रात्रीपासून पाणी कमी देत असे, एवढेंच त्या म्हणाल्या, आणि भाजी निवडूं लागल्या.

त्या खोलीचें कुलूप काढावयास दोन अर्ज व एक बैठक लागली. बैठकींत एका गृहस्थांनीं, उघडी ठेवल्यास नळाच्या तोट्या चोरीस जातील, अशी भीति व्यक्त केली. पहिल्या वर्षीं एक तोटी गेलीही. ती नवी बसविली. दाराशेजारीं एक माठ ठेवला आहे, त्यावर झांकण व लांब दांड्याचें ओगराळें आहे. मे महिन्यांत तो दिवसांतून तीन वेळां भरावा लागतो, अशी शिपायाची आमच्याकडे तक्रार आहे.